नाशिकजवळ पायवाटा आणि धबधबा असलेले पर्जन्यवन कोठे पाहता येईल?

नाशिकहून दोन दिवसांत, घरातील ज्येष्ठ मंडळी आणि मुले यांना सोबत घेऊन, चालता येण्याजोग्या पायवाटा आणि एखादा धबधबा असलेले पर्जन्यवन पाहायचे आहे, तर कोठे जावे, असे आपण विचारले आहे. भीमाशंकरला जावे आणि पाऊस ओसरल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतच्या काळात जावे, असे माझे उत्तर आहे. मी नाशिकचाच रहिवासी असून सह्याद्रीतील जंगले पायी हिंडून पाहण्याची मला आवड आहे. त्यामुळे हे ठिकाण आणि हा काळ का, तेही सविस्तर लिहितो.

पावसाळ्यात त्र्यंबक, अंजनेरी, इगतपुरी, भावली हा सारा परिसर इतका हिरवागार होतो की पर्जन्यवन आपल्या दारातच आहे, असे कोणालाही वाटावे. इगतपुरीला वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर नाशिक शहरात जेमतेम सातशे. परंतु सदाहरित जंगल टिकण्यासाठी एकूण पाऊस किती पडतो याइतकेच तो वर्षाच्या किती महिन्यांत विभागला जातो हेही महत्त्वाचे असते. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे जातात. त्यातच बेसॉल्टच्या उघड्या कातळावर मातीचा थर पातळ, त्यामुळे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. म्हणूनच इकडच्या डोंगरांवर मुख्यतः गवत आणि उन्हाळ्यात पाने गाळणारी झाडे आढळतात. सह्याद्रीतून दक्षिणेकडे जावे तसा कोरडा काळ कमी होत जातो आणि जंगल अधिकाधिक सदाहरित होते. अंजनेरीच्या पठारावरील कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ वनस्पतींमुळे त्या डोंगराचे महत्त्व मोठे आहे आणि तो स्वतंत्रपणे पाहावाच. मात्र आपण शोधता आहात ते घनदाट जंगल तेथे नाही.

भीमाशंकरचे जंगल शास्त्रीय दृष्टीने निमसदाहरित, म्हणजे त्यात सदाहरित आणि पानगळीची झाडे मिसळलेली आहेत. तरीही मंदिराच्या आसपास आणि देवराया म्हणून गावांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या भागांत जांभूळ, अंजन, हिरडा, आंबा यांचे छत असे जुळलेले आहे की भर दुपारीही खाली सावली असते. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या क्षेत्राला 1985 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. नाशिकहून सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करीत मंचरला यावे आणि तेथून घोडेगाव, डिंभेमार्गे वर चढावे. अंतर साधारण दोनशे किलोमीटर पडते.

मंदिरापासून गुप्त भीमा या ओढ्याकाठच्या ठिकाणाकडे जाणारी पायवाट आपल्या मंडळींसाठी सर्वांत योग्य आहे. वाट साधारण दीड-दोन किलोमीटरची, फारशी चढ-उताराची नसलेली आणि साक्षी विनायकाच्या मंदिरावरून दाट झाडीतून ओढ्यापर्यंत जाणारी आहे. या वाटेवर घाई करू नये. एखाद्या ठिकाणी थांबून मुलांना पाचोळ्याचा थर हाताने हलकेच बाजूला करायला सांगावे. वरची पाने ओळखू येतील अशी अखंड असतात, त्याखालच्या पानांच्या केवळ शिरांची जाळी उरलेली असते, आणि त्याहीखाली काळी, ओलसर माती व तिच्यातून पसरलेले बुरशीचे पांढरे तंतू दिसतात. जंगल स्वतःचे खत स्वतः कसे तयार करते आणि पावसाचे पाणी कसे धरून ठेवते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी जागा माझ्या पाहण्यात नाही. पाहून झाल्यावर पाचोळा होता तसा पसरून ठेवावा.

येथेच शेकरू दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते. ही मोठी खार म्हणजे आपला राज्यप्राणी, आणि तो खाली क्वचितच उतरतो. तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपा घेत फिरतो, त्यामुळे फांद्यांचे छत तुटले की त्याची वाटच तुटते. मान वर करून उंच फांद्यांच्या टोकांकडे पाहत राहिले, तर काटक्या आणि पाने रचून केलेली त्याची गोलसर घरटी दिसतात. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते. ते पाहण्यासाठी सकाळी लवकर, मंदिरातील गर्दी वाढण्याआधी निघावे आणि आपापसांत हळू बोलावे. ज्यांना अधिक चालवते त्यांनी हनुमान तळ्यावरून नागफणीच्या टोकापर्यंत जावे. तेथून खाली कोकणाचा विस्तार दिसतो, पण कड्यापाशी मुलांचा हात सोडू नये.

आता धबधब्याविषयी. भीमाशंकर परिसरात कोंढवळचा धबधबा प्रसिद्ध आहे. तथापि, अपघात टाळण्यासाठी वन विभाग भर पावसाळ्यात येथील काही धबधबे आणि घाटवाटा पर्यटकांना बंद करतो, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि बंदी असल्यास ती मनापासून पाळावी. आपल्या त्र्यंबकजवळच्या दुगारवाडीला पाणी अचानक वाढून लोक अडकल्याच्या घटना घडलेल्या आहेत. डोंगरात वर कोसळलेला पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. सप्टेंबर संपता संपता ओढ्यांना पाणी असते, पण त्याचा जोर उतरलेला असतो आणि धुकेही विरळ झालेले असते. जुलैत गेलात तर पाऊस आणि धुके मनसोक्त अनुभवाल, जंगल मात्र दहा पावलांपलीकडे दिसणार नाही. श्रावणात तर गर्दीमुळे चालणेही कठीण होते.

कधी चार-पाच दिवस मोकळे मिळाले तर कोयना आणि आंबोली यांचा विचार अवश्य करावा. कोयना अभयारण्य 2012 साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी एक आहे, आणि त्याच परिसरात नवजाजवळ ओझर्डे धबधबा आहे. आंबोलीला वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथील मुख्य धबधबा रस्त्यालगतच असल्याने मोठी गर्दी असते. मी असतो तर हिरण्यकेशी नदीच्या उगमाकडे अधिक वेळ देईन. तेथे सापडलेल्या छोट्या माशाचे वर्णन 2020 साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. या दोन्ही ठिकाणी पावसाळ्यात जळवा असतात. लांब मोजे घालावेत आणि मिठाची पुरचुंडी जवळ ठेवावी.

भीमाशंकरला जाताना पकड असलेले बूट, पातळ रेनकोट आणि पिण्याचे पाणी घ्यावे. वानरांना खाऊ घालू नये आणि हातात उघड्या पिशव्या धरू नयेत. शक्य असल्यास आसपासच्या गावातील एखाद्या महादेव कोळी वाटाड्याला योग्य मोबदला देऊन सोबत घ्यावे. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, गोळा करण्यावर या आदिवासी समाजातील अनेक कुटुंबांची मिळकत अवलंबून असते, त्यामुळे कोणते झाड केव्हा फुलते आणि कोणत्या ओढ्याला केव्हापर्यंत पाणी राहते, याची इतकी नेमकी माहिती आपल्याला दुसरीकडे मिळणार नाही. वाटाड्याशी आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवावे, म्हणजे सकाळी उजाडताच निघता येते.