प्रिंटरचा नंबर सारखा का बदलतो?

प्रश्न : आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. सहा कॉम्प्युटर, एक नेटवर्क प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि सगळ्यांचे मोबाइल एकाच राउटरवर चालतात. लाइट जाऊन आली की प्रिंटर हमखास ‘ऑफलाइन’. मग माणूस बोलवायचा, तो प्रत्येक कॉम्प्युटरवर नवा आयपी (प्रिंटरचा नेटवर्कवरचा नंबर) टाकून पैसे घेऊन जातो. शेवटी त्याने प्रिंटरला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी दिला, तर आता मधूनच ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’ (एकच नंबर दोन यंत्रांना) येतो. यातून सुटका कशी? आणि नंबराऐवजी साधं नाव टाकून चालेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : स्टॅटिक दिला यात वावगं काही नाही, पण राउटरला पत्ता लागू न देता दिला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि कंडक्टरच्या चार्टवर तीच सीट दुसऱ्याच्या नावे असावी, तसं झालंय.

राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे नंबर वाटणारा भाग, आयपी कायमचा देत नाही, मुदतीवर देतो. ही मुदत म्हणजे लीज. ती अर्धी सरली की यंत्र आपणहून वाढवून मागतं, म्हणून एरवी नंबर टिकून राहतो. पण बऱ्याच स्वस्त राउटरांत लीजची यादी नुसती रॅममध्ये असते. लाइट गेली की यादी साफ. परत आली की मोबाइल लगेच हजर, कारण ते बॅटरीवर जागेच असतात. तुमचा प्रिंटर घरघर करत उठेपर्यंत त्याचा नंबर भलत्याच फोनला गेलेला असू शकतो.

कॉन्फ्लिक्ट रोज न येता मधूनच का येतो? काही राउटर आयपी देण्याआधी पिंग करून, म्हणजे त्या नंबरला हाक मारून बघतात. प्रिंटर चालू असेल तर ‘ओ’ देतो आणि वाचतो. सकाळी तो बंद असताना कुणाचा फोन आधी आला, की गेलाच नंबर.

माझं सांगणं एकच : सगळे पत्ते राउटरमध्ये लिहा, यंत्रांवर नाही. राउटरच्या पानावर (१९२.१६८.१.१ किंवा खालच्या स्टिकरवर असेल तो पत्ता) डीएचसीपीमध्ये ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ सापडेल. प्रिंटरचा मॅक अॅड्रेस, म्हणजे यंत्राची स्वतःची ओळखखूण, त्याच्याच नेटवर्क रिपोर्टच्या छापील कागदावर असतो. वायरचा आणि वाय-फायचा मॅक वेगळा असतो, तेव्हा जो वापरता तोच घ्या. वाटपाची रेंज (आयपीचा शेवटचा आकडा) १०० ते १९९ ठेवा आणि प्रिंटरला १०, अकाउंट्सचा डेटा असलेल्या कॉम्प्युटरला ११, डीव्हीआरला १२ असे रेंजबाहेरचे नंबर नेमून द्या. काही राउटर रेंजबाहेरचं रिझर्व्हेशन घेत नाहीत. मग आतला द्या, काही बिघडत नाही. त्यानंतर प्रिंटर आठवणीने पुन्हा ‘ऑटो’वर टाका. हे राहून गेलं तर सगळी मेहनत पाण्यात. कॉम्प्युटरांवर प्रिंटरचा नवा नंबर मात्र एकदा टाकावाच लागेल.

फोनला रिझर्व्हेशन द्यायच्या फंदात पडू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायवर खरा मॅक न दाखवता बनावट दाखवतात.

तुमच्या धंद्यात आणखी एक गोष्ट होईल. जुलैअखेरीस रिटर्नची गर्दी असते, येणारा प्रत्येक जण वाय-फायचा पासवर्ड मागतो. लीज २४ तासांची असेल तर दहा मिनिटं बसून गेलेल्या माणसाचा फोन एक आयपी दुसऱ्या दिवसापर्यंत अडवून ठेवतो. वाटपाचे आयपी संपले की तुमच्याच लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. तो राउटरने दिलेला नसतो, विंडोजने स्वतःच लावून घेतलेला असतो. लीज दोन तासांची करा. त्याहून बरं म्हणजे गेस्ट नेटवर्क चालू करा, लोकांना प्रिंटर आणि डीव्हीआर दिसायचं कारणच काय!

फायबरवाल्याच्या डब्याला तुमचा राउटर लॅन पोर्टने जोडला असेल आणि दोघंही डीएचसीपी वाटत असतील, तर एकाचा बंद करा. नाहीतर कोणत्या यंत्राला कोण नंबर देईल याचा नेम नाही.

आता नावांचं. नव्या प्रिंटरांना बहुधा ‘डॉट लोकल’ने संपणारं नाव आधीच असतं. ते त्याच रिपोर्टवर छापलेलं असतं, सर्व्हर लागत नाही, विंडोज १० पासून पुढे चालतं. आधी तेच वापरून बघा. सहा कॉम्प्युटरांसाठी रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर आणून डीएनएस सर्व्हर (नावावरून नंबर सांगणारा) बसवणं मला तरी हौस वाटते. हौस असेलच, किंवा राउटर ओपनडब्ल्यूआरटी या मोफत सॉफ्टवेअरवर असेल, तर डीएनएसमास्क हा एकच प्रोग्राम लीजही देतो आणि नावंही सांभाळतो : एकाच ओळीत मॅक, आयपी आणि नाव.

नावाची शेपटी मात्र मनाने ठरवू नका. ‘डॉट लोकल’ यंत्राने सर्व्हरशिवाय स्वतःच नाव सांगायच्या वरच्या पद्धतीसाठी राखीव आहे, त्यात डीएनएस मिसळू नका. ‘डॉट डेव्ह’ हे तर गुगलचं खरंखुरं डोमेन, तिथे ब्राउझर एचटीटीपीएसशिवाय (सुरक्षित जोडणीशिवाय) उघडूच देत नाही. ‘होम डॉट आर्पा’ २०१८ मध्ये घरगुती नेटवर्कसाठीच राखून ठेवलंय, ‘डॉट इंटर्नल’ २०२४ मध्ये. यातलं एक घ्या.

लोक एक हमखास करतात : पहिला डीएनएस आपला, दुसरा ‘असू दे’ म्हणून गुगलचा ८.८.८.८. यंत्रं दुसऱ्याला फक्त अडीअडचणीलाच विचारतात असं नाही. गुगलला तुमचा प्रिंटर काय ठाऊक! तो ‘असं नाव नाही’ म्हणतो आणि यंत्र तेच खरं मानतं. म्हणून डीएचसीपीमध्ये डीएनएस एकच द्या, आपला, आणि ते यंत्र राउटरसकट यूपीएसवर ठेवा. ते बंद पडलं की सगळ्या ऑफिसचं इंटरनेट बंद पडल्यासारखं होईल. एखाद्या अँड्रॉइड फोनवरच नाव उघडत नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला बाहेरचा सर्व्हर लावलाय का ते बघा.

सगळं जमलं की राउटरच्या सेटिंगचा बॅकअप कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा आणि रिझर्व्हेशनच्या पानाचा फोटो काढा. पुढचा माणूस आला की पहिलं काम राउटर रिसेट करणार.