ऐरोलीहून स्वीडनला: रस्ते-संशोधनाची ऑफर घ्यावी का?

तुम्ही ऐरोलीत पेव्हमेंट डिझाइन, म्हणजे रस्त्याच्या थरांची रचना करता, स्वीडनमध्ये रस्ते-संशोधनाचा गट सांभाळायची ऑफर आलीय, बायको-मुलीला घेऊन जावं का, असं विचारलंत. व्हिसा, कर वगैरे सरकारी साइटवर वाचा. मी ठाण्याची, याच कामासाठी इथे स्वीडनला आले, म्हणून उरलेलं लिहिते.

आयआरसी-37 या आपल्या रस्ते-डिझाइनच्या नियमावलीमुळे वाहनाच्या एका आसावर (अ‍ॅक्सलवर) 80 किलोन्यूटन भार धरायची सवय असते, इथे प्रमाण आस 100 ची. रस्त्याची हानी भाराच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून इथली एक आस आपल्या जवळपास अडीच आसांएवढी. हे आठवड्यात अंगवळणी पडतं. ऋतू मात्र पडत नाही. वसंतात वरची माती वितळते, खालची गोठलेलीच असते, पाणी मध्येच अडकून रस्ता मऊ पडतो. मोजमाप नेमकं तेव्हाच घ्यायचं. ते हुकलं की वर्ष गेलं, आणि हे पैसे देणाऱ्यांच्या गळी उतरवणं, हीच मॅनेजरची खरी नोकरी. चाचणीसाठी राखलेल्या रस्त्याच्या पट्ट्यावरून काही ठाम सांगायला चार-पाच हिवाळे लागतात. त्यामुळे ‘दोन वर्षं शिकू आणि परतू’ हा हिशेब इथे चालत नाही. सगळे तोच घेऊन येतात, मीसुद्धा.

हिवाळ्यात टायरला खिळे असतात, ते रस्ता झिजवतात. एसएमए (स्टोन मॅस्टिक अस्फाल्ट) हे डांबरी मिश्रण 1960 च्या दशकात जर्मनीत या खिळ्यांपायीच निघालं, आता भारतातही घालतात. इथलं काम तिकडेही उपयोगी पडतं, हे मी स्वतःला मुद्दाम ऐकवते. कारण जुलैत इथलं ऑफिस सुट्टीवर जातं आणि घोडबंदरच्या खड्ड्यांचे व्हिडिओ पाठवून भाऊ विचारतो, ‘तू रस्त्यांवरच संशोधन करतेस ना?’

शाळेचं अजून सलतं. नियमाने मातृभाषेचा तास मागता येतो, पाच मुलं आणि शिक्षक मिळाला तर. मुलं आम्ही घरोघरी फोन करून जमवली. शिक्षक नाही. उत्तर आलं, हिंदी चालेल का? मी लांबलचक पत्रं लिहिली, फॉर्म पुन्हा भरले, शेवटी मुलाने हिंदी घेतली. आता तो आजीशी हिंदीत बोलतो आणि ती, म्हणजे माझी आई, त्याला रिक्षावाल्याशी बोलावं तशा हिंदीत उत्तर देते. दोघंही मजेत. वाईट मला एकटीलाच वाटतं.

एकटेपणा? येतो. नोव्हेंबरात दुपारीच अंधारतं, घरात भरपूर दिवे लावा.

माझं मत, ऑफर घ्या. पण पट्ट्याचा निधी किती वर्षांचा, हे आधी लेखी मागा. एका हिवाळ्यापुरता असेल तर नको. आणि मुलीचं वय लिहिलं नाहीत. तिला मराठी वाचता येत नसेल अजून, तर माझं मत बदलेल.