थंडीत कुंडीतल्या झाडांची पानं पिवळी पडतात, पाणी वाढवावं का?

अजिबात वाढवू नका, कमी करा. तुमचा मोगरा आणि कढीपत्ता पिवळा पडलाय आणि घरचे म्हणतात पाणी कमी पडतंय. हे "घरचे म्हणतात" वाचलं आणि लिहायला बसले.

आम्ही पुण्यात. माझे थोरले दीर गॅलरीत आले की हातात तांब्या असणारच. ऑक्टोबरच्या उन्हात झाडं रोज पाणी मागतात, मान्य. पण तोच तांब्या डिसेंबरातही रोज? थंडीत वाढ मंदावते, मुळं पाणी कमी ओढतात, माती ओलीच राहते आणि हवा न मिळाल्याने मुळं कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी घेता येत नाही, म्हणून झाड मलूल दिसतं, की माणूस आणखी ओततो. शेवटी त्यांच्यादेखत कढीपत्त्याची कुंडी उलटी केली. काळं ढेकूळ, गटाराचा वास. मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल हातात आली, मागे नुसता दोरा. तरी म्हणाले, "रोपच खराब असेल."

मोगऱ्यावरून तर केवढं बोलणं ऐकलं! मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं. म्हणून मी डिसेंबरअखेर पाणी तोडते, उरलीसुरली पानं हाताने काढते, जानेवारीत फांद्या निम्म्यावर छाटते. मग वरची माती उकरून शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि हळूहळू पाणी. त्या काड्या बघून भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "जितं झाड मारलं हिने." चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला त्याच झाडाची फुलं दिली. जाऊबाई ओंजळ भरून घेऊन गेल्या.

तर, बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर पाणी नाही. कढीपत्ता थंडीत पानं गाळतोच, फुटेल फेब्रुवारी-मार्चमध्ये. स्नेक प्लांट, अडेनियम जवळजवळ कोरडेच ठेवा. मनीप्लांट खिडकीजवळ सरकवा.

मुंबई-कोकणात एवढी थंडी नसते, तिथे पाणी इतकं तोडू नका. पानांखाली पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, त्याला निंबोळी तेल फवारा. आणि छाटणी धडधाकट झाडाचीच. मुळं कुजली असतील तर आधी ती कापून माती बदला.

पाणी घालायचं काम मात्र घरात एकाकडेच ठेवा. बाकी कुणी, वयाने कितीही मोठं असो, कुंडीला हात लावायचा नाही.