पुडीने साखर उतरली, पण हात का थरथरतात?

प्रश्न : माझे यजमान (वय ५२) एसटीत चालक आहेत. चार वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. सकाळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी घेतात. नणंदेने सांगितलं म्हणून उपाशीपोटी पेलाभर कारल्याचा रस आणि भिजवलेली मेथी सुरू केली. शिवाय आठवडी बाजारातल्या वैदूची बिननावाची पुडी. उपाशीपोटीची साखर आठवड्यात १९० वरून ९५ वर आली. आता ते गोळी बंद करू म्हणतात. पण अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. ‘औषध लागू पडतंय,’ असं त्यांचं म्हणणं. काय करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, हा घाम बहुधा साखर फार खाली गेल्याचा आहे. पुन्हा असं झालं की लगेच ग्लुकोमीटर लावा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या. मीटर हाताशी नसेल तर न तपासताच द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, मग पोटभर खाऊ द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि हे थांबेपर्यंत स्टिअरिंगला हात नको. रजा बिनपगारी झाली तरी चालेल.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. कारलंही साखर थोडी उतरवतं. सकाळच्या ड्युटीला नुसता रस आणि गोळी घेऊन माणूस बाहेर पडला, तर अकराला हेच होणार.

पण माझा खरा संशय पुडीवर आहे. आठवड्यात साखर निम्म्यावर आणणारा झाडपाला मी तरी पाहिलेला नाही. अशा पुड्यांमध्ये ग्लिबेनक्लामाइडसारखी मधुमेहाचीच जुनी, स्वस्त गोळी कुटून घातल्याचं तपासण्यांत अनेकदा आढळलं आहे. काहींत शिसंही सापडलं आहे. तेव्हा पुडी आजपासून बंद.

मेथीशी माझं भांडण नाही. चमचाभर दाणे रात्री भिजवले की सकाळी बोटांना बुळबुळीत लागतात. तो बुळबुळीतपणा म्हणजे विरघळणारा तंतू. त्यामुळे भाकरीतली साखर रक्तात सावकाश उतरते. म्हणून पाणी पिऊन दाणे टाकू नका, दाणेच चावून खा. गोळी आणि मेथीत तासाभराचं अंतर ठेवा. मेथीचे लाडू मात्र यात मोडत नाहीत, हे नणंदबाईंनाही सांगा.

कारल्याची भाजी जेवणात खुशाल करा, रस सोडा. कुणी दुधीचा रस सुचवला आणि तो कडू लागला, तर एक घोटही गिळू नका. त्याने रक्ताच्या उलट्या होऊ शकतात. जांभळाच्या बियांची पूड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण तिच्या भरवशावर गोळी सोडावी इतका पुरावा नाही. दालचिनीचं तेच. त्यात बाजारात मिळते ती बहुतेक कॅशिया नावाची जाडसर, स्वस्त दालचिनी, रोज चमचाभर घेतली तर यकृताला त्रास. गुडमार या औषधी वेलीचं पान चावून साखर खाल्ली तर ती रेतीसारखी बेचव लागते. गंमत म्हणून ठीक. पण गोळीच्या जोडीला घेतलं तर कारल्याच्या रसासारखाच धोका.

गोळी ‘केमिकल’ म्हणून सोडायची असेल, तर यजमानांना एवढं सांगा : मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या गलेगा नावाच्या झुडपात आहे. त्यातल्या द्रव्याच्या धर्तीवर घडवलेलं हे औषध जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७ साली मधुमेहासाठी पुढे आणलं. झाडपालाच हवा असेल तर तो ते रोज घेताहेतच, आणि तोही मोजून.

मनाने गोळी बंद करू नका. पण ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का, हे याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना विचारा. पुडी बंद झाल्यावर साखर पुन्हा वर चढेल, तेव्हा घाबरू नका. तो आकडाही त्यांना दाखवा. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. उरलेली पुडी फेकू नका, कागदासकट सोबत न्या.