संभावित खुनी की संभाव्य खुनी?

प्रश्न असा होता की 'अमेरिकन सायको' या सिनेमाबद्दल लिहिताना कोणीतरी त्यातल्या नायकाला, पॅट्रिक बेटमनला, "संभावित खुनी" म्हटलंय, ते चुकलंय ना, "संभाव्य" हवं होतं ना?

नाही, अजिबात चुकलेलं नाही, उलट एकदम नेमका शब्द पडलाय. आपला गोंधळ होतो कारण हिंदीत संभावना म्हणजे शक्यता, आणि टीव्हीवर "संभावित उमेदवार", "संभावित तारीख" असं दिवसभर कानावर पडतं. तिथे मराठीत संभाव्यच पाहिजे. पण मराठीतला संभावित म्हणजे ज्याला चार लोकांत मान आहे तो. गीतेत दुसऱ्या अध्यायात 'संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते' आहे ना, तोच हा, मानी माणसाला बदनामी मरणापेक्षा वाईट. भटजींना दक्षिणा देऊन त्यांची संभावना करायचे तीही यातलीच. मग मराठी माणसाने आपल्या सवयीप्रमाणे त्याला तिरकं वळण दिलं, म्हणून आता संभावना होते ती शेलक्या शब्दांत आणि संभावित म्हणजे वरून प्रतिष्ठित, आतून भलताच. संभावित चोर, संभावितपणाचा आव वगैरे. वरून कीर्तन आतून तमाशा.

आता बेटमन बघा. १९८० च्या दशकातलं न्यूयॉर्क, वॉल स्ट्रीटवरची नोकरी, भारी सूट, आणि मीटिंगमध्ये दुसऱ्याचं व्हिजिटिंग कार्ड आपल्यापेक्षा सरस निघालं म्हणून घाम फुटतो याला (सगळी कार्डं जवळपास सारखीच दिसतात, तीच गंमत). त्याचा मुखवटा भोळेपणाचा नाहीये, प्रतिष्ठेचा आहे. म्हणून साळसूद इथे चालणार नाही. साळसूद म्हणायचं तर १९६० च्या 'सायको' मधल्या नॉर्मन बेट्सला म्हणा, तो मोटेलवाला लाजराबुजरा पोरगा. पेपरवाल्यांचा लाडका माथेफिरू तर दोघांनाही नको, कारण त्यात वेड बाहेरून दिसतं आणि इथे सगळी भीती ते दिसत नाही यातच आहे. मानभावी शब्दही सुचेल, पण त्यात महानुभाव पंथाला विनाकारण ओढल्यासारखं होतं, मी टाळतो.

आता गंमत म्हणजे या एका पिक्चरपुरतं "संभाव्य खुनी" सुद्धा चालून जाईल! शेवटी बेटमन वकिलाला सगळं कबूल करतो तर वकील त्याला भलताच कोणी समजून हसण्यावारी नेतो, वर सांगतो की ज्याला मारलं म्हणतोस त्या पॉल अॅलनबरोबर मी दहाच दिवसांपूर्वी लंडनमध्ये जेवलो. म्हणजे खून झाले की नुसते याच्या डोक्यात होते हे २००० साली दिग्दर्शिका मेरी हॅरनने मोकळंच सोडलंय. तरी लेखात संभावितच ठेवा. फक्त हिंदीचा घोळ नको असेल तर "संभावित गृहस्थ" असं लिहा, मग कोणी शक्यता वाचणार नाही.