आर्थिक सल्ला : दुर्बीण घ्यावी का, आणि पेन्शनचे काय?

डर्बी येथे राहणाऱ्या एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. वय ४४, मूळचे खडकीचे, तेरा वर्षांपासून इंग्लंडमध्ये अभियंता, वार्षिक पगार ४८,००० पौंड, पत्नीची अर्धवेळ नोकरी आणि बारा वर्षांचा मुलगा. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. थ्री-नॉट-थ्रीच्या रिकाम्या काडतुसाच्या बुडावर ठोकलेली ‘के’ आणि ‘एफ’ (किर्की फॅक्टरी) ही अक्षरे लहानपणी पाहिली, तेव्हापासून ब्रिटिश लष्करी रायफलींच्या साहित्याचे वेड लागले, असे ते लिहितात. गेल्या आठ वर्षांत त्यांनी सुमारे २२,००० पौंड खर्चून १९०७ पॅटर्नच्या चौदा संगिनी, १९०८ पॅटर्नचे वेबिंग (सैनिकाच्या अंगावरचे जाड कापडी पट्टे आणि पिशव्या), रायफलीचे पट्टे, दस्त्याच्या पोकळीत बसणाऱ्या पितळी तेलबाटल्या, नळी साफ करण्याचे पुल-थ्रू आणि आर्मररची, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याची, हत्यारे जमवली आहेत. आता एक विक्रेता त्यांना नंबर ४ (टी) या स्नायपर रायफलीवर बसणारी नंबर ३२ दुर्बीण, तिचा पत्र्याचा डबा, रायफल ठेवण्याची लाकडी पेटी आणि सोबतीची स्काउट रेजिमेंट दुर्बीण असा संच ५,५०० पौंडांना देऊ करतो आहे. हा ‘गुंतवणूक दर्जाचा’ संच आहे, वर्षाला १२ टक्के वाढ ठरलेली आहे आणि पाच वर्षांनी आम्हीच परत विकत घेऊ, असे विक्रेत्याचे म्हणणे. १,००० पौंड रोख आणि बाकीचे क्रेडिट कार्डावर, असा त्यांचा बेत आहे. संच घ्यावा का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

घेऊ नये. या उत्तरावर मी फार शब्द खर्च करणार नाही, कारण पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही सहज लिहून गेलेले एक वाक्य या दुर्बिणीपेक्षा कितीतरी महाग आहे आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही. तरीही विचारलेल्या प्रश्नाचा हिशेब आधी संपवू.

दरवर्षी १२ टक्के म्हणजे सहा वर्षांत दुप्पट. या गतीने तुम्ही ६८ वर्षांचे व्हाल तेव्हा या संचाची किंमत ८०,००० पौंडांच्या पुढे गेलेली असायला हवी. एका दुर्बिणीला आणि लाकडी पेटीला त्या वेळी एवढी रक्कम कोण देणार आहे, याचा विचार विक्रेत्याने केलेला नाही. तुम्ही तरी करायला हवा होता. परत खरेदीची हमी ‘त्या वेळच्या बाजारभावाने’ आहे असे तुम्ही लिहिता, आणि तो बाजारभाव ठरवणार विक्रेताच. जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री ब्रिटनच्या वित्तीय नियामकाच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे दुकान बंद पडले तर भरपाई योजना नाही, आणि विक्रेत्याने शब्द फिरवला तर त्याच्याविरुद्ध वित्तीय लोकपालाकडे दाद मागण्याची सोयही नाही. ‘गुंतवणूक दर्जाचा’ हे शब्द पावतीवर छापायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

लिलावगृहातला व्यवहार साधारण असा असतो. हातोडी १०० पौंडांवर पडली, तर घेणारा कमिशन आणि त्यावरचा व्हॅट धरून १३० च्या आसपास देतो आणि विकणाऱ्याच्या हातात ८५ च्या आसपास पडतात. म्हणजे आज १३० देऊन घेतलेली वस्तू नुसते पैसे वसूल होण्यासाठी १५० च्या वर विकली गेली पाहिजे. हातोडीचा भाव ५० टक्क्यांहून अधिक वाढला पाहिजे. वर्षाला ५ टक्के वाढ धरली, आणि तीही उदारपणे, तरी त्याला नऊ वर्षे लागतात. या नऊ वर्षांत वस्तू व्याज देत नाही, लाभांश देत नाही. जागा तेवढी अडवते.

या संचाबाबत आणखी एक गोष्ट विक्रेत्याने सांगितलेली दिसत नाही. नंबर ४ (टी) रायफलीच्या दस्त्याच्या मानेवर तिच्या दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असतो, आणि दुर्बीण बसवण्याच्या ब्रॅकेटवर त्या रायफलीचा क्रमांक असतो. रायफल, ब्रॅकेट आणि दुर्बीण या तिघांचे क्रमांक जुळले की संग्राहक मोठी रक्कम मोजतात. तुमच्याकडे रायफल नाही आणि ती बाळगण्याचे प्रमाणपत्रही नाही. तुम्हाला मिळणार आहे ती कोणत्यातरी दुसऱ्या रायफलीपासून तुटलेली दुर्बीण, आणि तिला सर्वांत चांगला भाव देऊ शकेल असा जगात एकच माणूस आहे : ज्याच्याकडे ती रायफल आहे, तो. तो सापडेपर्यंत तुमच्या संचाला सुट्या वस्तूंचाच भाव.

त्याच विक्रेत्याने ‘भेट म्हणून’ नंबर ४ रायफलीचा एक जुना बोल्ट (काडतूस नळीत सरकवून मागची बाजू बंद करणारा भाग) देऊ केल्याचेही तुम्ही आनंदाने लिहिले आहे. तो घेऊ नका. निष्क्रिय न केलेला बोल्ट हा ब्रिटिश कायद्यानुसार बंदुकीचा घटक भाग असतो आणि तो प्रमाणपत्राशिवाय जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. पट्टा, तेलबाटली, पुल-थ्रू यांना अशी अडचण नाही, बोल्टला आहे. ज्या विक्रेत्याला हे माहीत नाही, किंवा माहीत असून तो सांगत नाही, त्याच्या हमीवर किती विसंबायचे ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या संग्रहाची किंमत तुम्ही ३५,००० पौंड धरली आहे. हा आकडा तुम्ही संकेतस्थळांवर लोकांनी मागितलेल्या किमतींवरून काढला आहे, आणि मागितलेली किंमत म्हणजे न विकल्या गेलेल्या वस्तूची किंमत. त्यातली सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणून तुम्ही मुठीजवळच्या आडव्या पट्टीला हुक असलेल्या संगिनीचे वर्णन केले आहे आणि तिच्या पात्याच्या बुडाशी ‘७ ’१६’ असा शिक्का असल्याचेही प्रामाणिकपणे लिहिले आहे. तो शिक्का जुलै १९१६ चा. १९०७ पॅटर्नच्या संगिनीवरील हुक ब्रिटिश लष्कराने १९१३ मध्येच काढून टाकला होता. इंग्लंडमध्ये १९१६ साली बनलेल्या संगिनीवर हुक असेल तर तो बहुधा नंतर कोणीतरी जोडलेला आहे, आणि हुकासाठी मोजलेले जादा पैसे गेले असे समजा. लिलावात सगळा संग्रह २४,००० पौंडांना गेला, तर कमिशन वजा जाता २०,००० हाती येतील. आठ वर्षांनंतर २,००० चा तोटा, तोही महागाई न धरता. छंद म्हणून हा तोटा मुळीच वाईट नाही. आठ वर्षांचा आनंद त्याहून पुष्कळ मोलाचा असू शकतो. गुंतवणूक म्हणून मात्र तो तोटाच आहे.

आता तुमचे ते वाक्य. तुम्ही लिहिता : ‘कंपनीच्या पेन्शनमधून मी सहा वर्षांपूर्वीच बाहेर पडलो, तीन वर्षांपूर्वी त्यांनी पुन्हा आत घेतले तेव्हा पुन्हा बाहेर पडलो, माझी पेन्शन माझ्या कपाटात आहे.’

तुमची कंपनी, तुम्ही पगाराच्या ५ टक्के भरल्यास, स्वतःचे ५ टक्के घालते, असेही तुम्हीच लिहिले आहे. ४८,००० वर तुमचे ५ टक्के म्हणजे वर्षाला २,४०० पौंड. करसवलत धरता हातातल्या पगारातून जातात साधारण १,९२०. कंपनीचे २,४०० त्यात आले की खात्यात जमा होतात ४,८००. म्हणजे महिन्याला १६० पौंड सोडले की ४०० जमा होतात, आणि तेही बाजार वर जाण्याआधीच. अशी संधी तुम्हाला कोणत्याही लिलावगृहात मिळणार नाही. सहा वर्षांत तुम्ही हातातले साडेअकरा हजार पौंड वाचवले आणि जवळजवळ २९,००० पौंडांचा भरणा गमावला. मध्यम वाढ धरली तर आज ते खाते ३३,००० च्या आसपास असते. यातील कंपनीचा वाटा परत मागता येत नाही. तो गेला.

‘पेन्शन फंडावर माझा ताबा नसतो, संगिनी मी हातात धरू शकतो’ हा तुमचा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकला आहे. कधी सोन्याबाबत, कधी गावाकडच्या जमिनीबाबत. हातात धरता येणे आणि हवे तेव्हा, हव्या त्या भावाने, थोडे थोडे करून मोडता येणे यांत फरक आहे. उद्या घर गरम ठेवणारा बॉयलर बिघडला तर अर्धी संगीन विकता येत नाही.

त्यातच साठीला पुण्यात परतण्याचा तुमचा विचार आहे, आणि इथे हिशेब आणखी बिघडतो. ब्रिटनची सरकारी पेन्शन पूर्ण मिळण्यासाठी साधारण ३५ वर्षांची नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक विम्याच्या वर्गणीची, नोंद लागते. ३१ व्या वर्षी सुरुवात करून साठीला थांबलात तर तुमची २९ वर्षे होतील. २०२५-२६ मध्ये पूर्ण पेन्शन वर्षाला सुमारे १२,००० पौंड होती, त्या हिशेबाने तुमच्या वाट्याला १०,००० च्या आसपास येतील, आणि तेही तुमच्या वयोगटाला ६८ व्या वर्षापासून. भारतात राहणाऱ्या पेन्शनरांना त्यात दरवर्षीची वाढ मिळत नाही. ज्या आकड्यावर सुरू झाली त्याच आकड्यावर ती गोठते. म्हणजे साठ ते अडुसष्ट ही आठ वर्षे सरकारी पेन्शन नाही, आणि त्यानंतर आहे ती महागाईने दरवर्षी थोडी थोडी कुरतडली जाणारी. हा खड्डा कंपनीच्या पेन्शनने भरायचा असतो. ती ५७ व्या वर्षापासून काढता येईल. आजपासून पुन्हा सुरू केलीत, तर महागाईवर ३ टक्के वाढ धरून साठीला आजच्या किमतीत ९५,००० पौंडांच्या पुढे रक्कम उभी राहील. गेली सहा वर्षे भरणा चालू असता तर त्यात आणखी ५०,००० ची भर असती.

कपाटातल्या पेन्शनचे पुण्यात काय होणार, हेही पाहा. चौदा संगिनी आणि स्नायपरची दुर्बीण सामानात घालून भारताच्या सीमाशुल्क खात्यासमोर उभे राहण्याची तुमची तयारी असेल असे मला वाटत नाही. मग निघण्यापूर्वी सहा महिन्यांत इंग्लंडमध्येच सगळे विकावे लागेल, आणि घाईने विकणाऱ्याला संग्राहक आणि व्यापारी दोघेही दुरूनच ओळखतात.

विक्रेत्याने हा संच सिप नावाच्या खासगी पेन्शन खात्यात ठेवून कर वाचवता येईल असेही सुचवले आहे. हे साफ चुकीचे आहे. संग्रहाच्या वस्तू अशा खात्यातून घेतल्यास २००६ पासून तो अनधिकृत व्यवहार मानला जातो आणि त्यावर ४० ते ५५ टक्क्यांपर्यंत कर लागतो. पेन्शनविषयी बोलण्याची पात्रता नसलेल्या माणसाने पेन्शनचा सल्ला देऊन दुर्बीण विकणे, हा प्रकार मला बोल्टच्या ‘भेटी’पेक्षाही गंभीर वाटतो.

कार्डावर आधीच ३,८०० पौंड थकले आहेत, २४ टक्के दराने. त्याचे व्याज वर्षाला ९०० च्या वर जाते. त्यावर आणखी ४,५०० चढवले की व्याजच २,००० च्या घरात. संच खरोखर १२ टक्क्यांनी वाढला असता, तरी २४ टक्क्यांनी कर्ज काढून १२ टक्के मिळवण्याला व्यवहार म्हणत नाहीत.

पैसे कुठून आणायचे, याचे उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. आठ वर्षांत २२,००० म्हणजे महिन्याला साधारण २३० पौंड छंदावर जातात. त्यातले १६० पेन्शनकडे वळवा; उरतात ७०. संचासाठी बाजूला काढलेले १,००० पौंड आजच कार्डावर भरा. चौदा संगिनींपैकी सहा-सात युद्धकाळातल्या साध्या, एकमेकींसारख्या असणार. त्या विकून हजार आले तरी थकबाकी १,८०० वर येते. ती दुसऱ्या कार्डावर शून्य व्याजाने हलवण्याची सोय मिळत असेल तर तिकडे न्या, थोडे शुल्क पडेल, आणि दरमहा ७० भरून सव्वादोन वर्षांत संपवा. तोवर नवी खरेदी नाही. त्यानंतर ते ७० पौंड पूर्णपणे तुमचे. तेलबाटल्या घ्या किंवा पट्टे घ्या, मी विचारणार नाही.

विक्रीवरील कराची फारशी चिंता नको. ६,००० पौंड किंवा त्याहून कमी किमतीला विकलेल्या वैयक्तिक वस्तूवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही; मात्र संचातील वस्तू एकाच माणसाला विकल्या तर त्या एकत्र मोजल्या जातात. तुम्ही नफ्यासाठी नियमित खरेदी-विक्री करू लागलात तर तो धंदा ठरतो, आणि मोठ्या ऑनलाइन बाजारांकडून विक्रेत्यांची माहिती आता एचएमआरसीकडे, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडे, जाते.

घराच्या विमा पॉलिसीत एका वस्तूसाठी कमाल भरपाई किती आहे तेही पाहा आणि संग्रहाची यादी विमा कंपनीला कळवा. प्रत्येक वस्तूचा फोटो, पात्यावरील वा पट्ट्यावरील शिक्के, ब्रॉड ॲरोची (ब्रिटिश सरकारी मालाच्या बाणाची) खूण, खरेदीची तारीख आणि प्रत्यक्ष दिलेली किंमत त्यात लिहा, मागितलेली नको. यादीची प्रत पत्नीकडेही असू द्या. त्यांना यातली कोणती संगीन चांगली आणि कोणत्या संगिनीचा हुक मागाहून लावलेला, हे आज तरी कळण्याचा मार्ग नाही.

बाहेर पडलेल्यांना कंपनी दर तीन वर्षांनी पेन्शनमध्ये पुन्हा आत घेते, ती पुढची फेरी येईपर्यंत थांबू नका. बारा महिन्यांतून एकदा तुम्ही लेखी मागणी केली तर कंपनीला तुम्हाला योजनेत घ्यावेच लागते. या आठवड्यातच पेरोल विभागाला दोन ओळींचा मेल पाठवा : मला पेन्शन योजनेत पुन्हा सामील व्हायचे आहे, माझा वाटा ५ टक्के, आणि भरणा पगारातून आधी वळता करण्याची, म्हणजे सॅलरी सॅक्रिफाइसची सोय असल्यास ती लागू करावी. ही सोय असेल तर नॅशनल इन्शुरन्सही थोडा वाचेल आणि हातातून जाणारी रक्कम १६० हूनही कमी होईल.