डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, आणि दोन्हींच्या वर पांढरा

प्रश्न : काका, सादर नमस्कार. आम्ही तिघा भावांनी मिळून 17 फुटी फायबरची बोट घेतली आहे, मागे 40 हॉर्सपॉवरचं इंजिन. एरवी ती राऊला भावाच्या आवारात ट्रेलरवर असते. सुटीत हनुवंतियाकडे इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात उतरवतो. परतताना कधी कधी अंधार पडतो. दुकानदार म्हणाला, पुढे जीपचा एलईडी बार आणि दोन्ही कडांना रंग बदलणारी पट्टी लावा, झालं काम. धाकट्याने दोन्ही आणूनही ठेवलंय. तेच लावावं का? बॅटरी एकच आहे, इंजिन सुरू करायचीही तीच.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नको. आणलेलं सामान परत करता येत असेल तर उद्याच करा.

रंगीत पट्टीचा मला खरोखर राग आहे. पाण्यावर लाल म्हणजे बोटीची डावी बाजू आणि हिरवा म्हणजे उजवी. पट्टी घडीत लाल, घडीत हिरवी होत राहिली तर समोरच्या माणसाला तुमचं तोंड कुठे आहे ते कळणार कसं? आणि बार लावलात की समोरचा तर आंधळा होतोच, तुमचेही डोळे जातात. अंधाराला डोळे नीट सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. बार एकदा पेटवला की ती सगळी वाया. बिनदिव्याच्या डोंगीतून जाळं टाकणारा मासेमार मग तुम्हाला दिसत नाही.

तुमच्या बोटीला तीन दिवे हवेत. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, आणि चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा, जो बाजूच्या दिव्यांपेक्षा किमान 1 मीटर उंच. 12 मीटरपेक्षा लहान, इंजिनवर चालणाऱ्या बोटीला समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम एवढ्यावर परवानगी देतात. लाल-हिरवा 1 सागरी मैलावरून आणि पांढरा 2 मैलांवरून दिसला पाहिजे. दिवा घेताना खोक्यावर हे बघा. कुणी सांगेल, 7 मीटरपेक्षा लहान बोटीला नुसता पांढरा चालतो. ती सवलत 7 नॉटपेक्षा, म्हणजे ताशी 13 किलोमीटरपेक्षा, वेगात जाऊच न शकणाऱ्या बोटीला आहे. तुमचं इंजिन 40 चं आहे. हे नियम समुद्राचे, हे खरं. धरणावर सूर्यास्तानंतर खासगी बोट चालवता येते का, हे तिथल्या कार्यालयात आधी विचारा. पण दिव्यांची भाषा तीच ठेवा.

नुसत्या पांढऱ्यावर माझा विश्वास का नाही, तेही सांगतो. मी मुंबई बंदरात लाँचवर वायरमन होतो. निवृत्तीनंतर इंदूरला आलो, तेव्हा एका कार्तिकी पौर्णिमेला महेश्वरला नर्मदेत होडीतून फिरत होतो. मागे घाटाचे दिवे, पाण्यात सोडलेले दिवे, आणि त्यांच्यातून आमच्याकडे येणारी एक मोटरबोट. तिचा पांढरा दिवा घाटाच्या दिव्यांत पार विरघळून गेला होता. जवळ येऊन ती वळली, तिचा हिरवा दिसला, तेव्हा नावाड्याने आमची होडी बाजूला काढली.

बसवताना सगळ्यात मोठी चूक होते ती नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, वळणामुळे. बोटीची कड पुढे निमुळती होत जाते. दिवा त्या वक्र कडेवर सरळ ठोकला तर त्याचं तोंड पुढे वळतं. मग लाल दिवा उजव्या बाजूनेही दिसतो आणि मागच्या बाजूला लवकर बंद होतो. दिव्याखाली पाचरीसारखा तुकडा घालून तो मध्यरेषेला समांतर करा. किंवा नाकावर लाल-हिरवा एकत्र असलेला एकच दिवा बसवा, मला तो सोपा वाटतो. तपासायचं राऊच्या आवारातच. नाकापासून मागच्या आडव्या फळीच्या मध्यापर्यंत दोरी ताणा, रात्री त्या रेषेत 20 मीटर समोर उभे राहा. दोन्ही रंग दिसले पाहिजेत. एक-दीड मीटर बाजूला सरका, एक रंग गेला पाहिजे. मग कडेकडेने मागे चालत जा. बरोबर आडवे आलात की त्यापुढे आणखी 22.5 अंशांपर्यंत रंग दिसायचा आणि तिथे मावळायचा. कोन मोजायला काटकोनी कागद दोनदा दुमडा, तेवढाच होतो.

एलईडीचाच दिवा घ्या, पण तो मुळातच एलईडीसाठी बनलेला. जुन्या दिव्यातला फिलामेंटचा बल्ब काढून एलईडी घातली की कोन बिघडतात, आणि लाल काचेमागे पांढरी एलईडी असेल तर रंग फिका पडतो. हिशोब असा: 10 वॅटचे तीन बल्ब 12 व्होल्टवर 2.5 अँपिअर ओढतात, चार तासांत 10 अँपिअर-तास गेले. 2 वॅटच्या तीन एलईडी चार तासांत 2. एकच बॅटरी असताना हा फरक म्हणजे इंजिन सुरू होणं किंवा न होणं.

वायर घरातली एकतारी नको, इंजिनच्या थरथरीने ती तुटते. बहुतारी, कथील चढवलेली, 1.5 चौरस मिलिमीटर. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत 3 अँपिअरचा फ्यूज. जोड पिळून टेप गुंडाळलेले नकोत, क्रिंप करून, म्हणजे धातूची नळी पक्कडीने दाबून, वर आत गोंद असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवा. दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून टपकून जातं.

स्विच दोन ठेवा. नांगर टाकून बसलात की फक्त पांढरा. नांगर न टाकता नुसतं इंजिन बंद करून तरंगत असाल तर तिन्ही.

पांढऱ्याचा दांडा मागे बसवा, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर. दिव्याखाली काळी तबकडी लावा, नाहीतर तो बोटीतच पडतो आणि चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही. भोक लगेच पाडू नका. आधी दांडा दोरीने बांधून एक रात्र बघा, तिघे आपापल्या जागी बसून, आणि एकाने लांब काठावर उभं राहून.